शरणपूर आणि राजाचा धर्म

नाशिक शहराच्या पश्चिम अंगास शरणपूर नावाची वस्ती आहे. हल्ली तेथे दुकाने, पतपेढ्या, दवाखाने आणि उंच इमारती यांची इतकी दाटी झाली आहे की, शरणपूर हे एका रस्त्याचे नाव म्हणूनच पुष्कळांस ठाऊक असते. ते एके काळी शहराबाहेर मुद्दाम वसविलेले निराळे खेडे होते, याची आठवण फार थोड्यांस उरली आहे. हे खेडे १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसविले. जातीने आणि भाऊबंदांनी टाकलेल्या नवख्रिस्ती माणसांस आसरा मिळावा, हा हेतू, म्हणून शरणपूर. नाव आपल्या भाषेतले, वस्तीचा कारभार मात्र इंग्रजांच्या हाती. या दोहोंच्या ओढाताणीत नाशिकच्या ख्रिस्ती समाजाची पुढची पाऊणशे वर्षे गेली. कारण शरण आलेल्या माणसाने शरण कोणास जावयाचे, देवास की देवाचे नाव घेणाऱ्या राज्यास, हा प्रश्न त्या वस्तीच्या वेशीवरच उभा होता.

‘ख्रिस्ती राष्ट्रवाद’ हा शब्द अलीकडे वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळतो, आणि तो बहुधा अमेरिकेच्या संबंधात. अमुक राष्ट्र हे ख्रिस्ती लोकांचे आहे, तेव्हा त्याचे कायदे, शाळा आणि सरकार यांवर त्या धर्माचीच मुद्रा असली पाहिजे, बाकीच्यांनी पाहुण्यासारखे राहावे, असे मानणारा जो पक्ष, त्याच्या मतास हे नाव दिले जाते. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टन येथील संसदगृहावर जो जमाव चालून गेला, त्यात राजकीय निशाणांच्या जोडीने क्रूस आणि येशूच्या नावाचे फलकही होते. ते पाहून ज्यांस प्रथम लाज वाटली त्यांत तेथील श्रद्धावान ख्रिस्तीच पुष्कळ होते. त्याच्या दोन वर्षे आधी, २०१९ साली, कित्येक ख्रिस्ती पुढाऱ्यांनी या मताविरुद्ध जाहीरनामा काढून त्यावर सह्या गोळा करण्यास आरंभ केलेला होता. हा वाद सातासमुद्रापलीकडचा, असे म्हणून नाशिककराने वर्तमानपत्राची घडी करून ठेवावी, असे मात्र नाही. गोदाकाठी तो फार पूर्वी येऊन गेला आहे. इतकेच की त्या वेळी त्यास हे नाव नव्हते.

प्रथम एक समजूत दूर सारली पाहिजे. इंग्रज आले आणि त्यांनी आल्याबरोबर आपला धर्म तलवारीच्या जोरावर पसरविण्यास प्रारंभ केला, असे सामान्यपणे बोलले जाते. वस्तुतः ईस्ट इंडिया कंपनीस मिशनरी मनापासून नको होते. रयतेच्या धर्मास हात लावला तर व्यापार बुडेल, ही तिची भीती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांस हद्दपार करण्याची खटपट चालविली होती. त्याच साली कंपनीच्या सनदेत पार्लमेंटने फेरफार केले, मिशनऱ्यांस दार उघडले आणि कलकत्त्यास बिशप नेमण्याची तरतूद केली. मुंबईचा बिशप १८३७ साली आला. हे बिशप आणि फौजेचे, सरकारी अंमलदारांचे पाद्री यांचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून दिला जाई. म्हणजे निफाडच्या कुणब्याने भरलेल्या साऱ्यातला काही अंश, त्याने कधी न पाहिलेल्या देवळातील, त्यास न समजणाऱ्या भाषेतील प्रार्थनेकडे जात असे. कुणब्याने त्याबद्दल तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. सारा कोठे जातो हे त्यास कोणी सांगितले असते तर ती गोष्ट वेगळी.

१८५७ साली उठाव झाला आणि तो मोडल्यानंतर इंग्रजांच्या आपसांत एक मोठा वाद माजला. पंजाबातील हर्बर्ट एडवर्ड्स यांच्यासारख्या अंमलदारांचे म्हणणे असे की, सरकारने आपला धर्म भीत भीत लपविला, त्याची ही शिक्षा. यापुढे राज्य उघडपणे ख्रिस्ती म्हणूनच चालवावे. आजच्या भाषेत ज्यास ख्रिस्ती राष्ट्रवाद म्हणतात, तो हाच. १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीच्या सरकारने तो मार्ग नाकारला. राणीने स्वतःची श्रद्धा ख्रिस्तावर असल्याचे त्यात बोलून दाखविले, परंतु आपली मते प्रजेवर लादण्याचा अधिकार आणि इच्छा या दोन्ही गोष्टी सोडून दिल्या. तथापि जाहीरनामा कागदावर असतो आणि बंगला डोळ्यांसमोर असतो. कलेक्टरसाहेब रविवारी ज्या देवळात जातो त्याच देवळाचा धर्म आपल्या शेजाऱ्याने घेतला, एवढेच गावकऱ्यास दिसे. आणि तेवढ्यावरून तो शेजारी साहेबाच्या पक्षाचा झाला, असे तो ठरवून टाकी.

शरणपूरची परिस्थिती या समजुतीस पोषकच होती. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकात १८३२ सालीच सुरू झाले होते. पण रामकुंडाच्या आणि पंचवटीच्या या नगरीत बाप्तिस्मा घेणारे किती निघणार? जे निघत त्यांचे घर सुटे, पाणवठा सुटे, न्हावी-परीट तुटत. अशा माणसास घर, काम आणि मुलांना शाळा या सर्व गोष्टी मिशनच्याच हातून मिळावयाच्या. येथे दोष एकाच बाजूस देऊन चालणार नाही. नवख्रिस्ती माणूस परक्यांच्या आवारात गेला हे खरे. पण आपल्या आवारातून त्यास बाहेर कोणी घातले, हेही त्या हिशेबात धरले पाहिजे.

या खेड्याच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण आफ्रिकन मुलांचे आहे. अरबी समुद्रात गुलामांची ने-आण करणारी गलबते इंग्रजी जहाजे पकडीत, आणि सोडविलेली मुले मुंबईस आणीत. १८६० च्या सुमारापासून त्यांतील कित्येक मुले शरणपुरास ठेविली गेली. सुतारकाम, लोहारकाम यांबरोबर त्यांस इंग्रजी व बायबल शिकविले जाई. त्यांच्या कानांवर नाशिकचे मराठी पडे आणि नावे मात्र इंग्रजी दिली जात. डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांनी १८६६ साली आफ्रिकेच्या अंतर्भागातील शेवटच्या प्रवासास निघताना येथील नऊ मुले बरोबर घेतली; पुढे त्यांच्या मदतीस आणखी काही मुले गेली, त्यांत जेकब वेनराइट हा होता. १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा त्यांच्यावरील प्रार्थना या नाशिकच्या विद्यार्थ्याने म्हटली, आणि झाडाच्या बुंध्यावर त्यांचे नाव कोरले. सोबत्यांनी ते शव शेकडो मैल वाहून किनाऱ्यास आणले. आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये लिव्हिंग्स्टन यांस पुरले, तेव्हा शवपेटीस हात लावणाऱ्यांत जेकब होता. शरणपुरात शिकलेला गुलामगिरीतून सुटलेला मुलगा इंग्लंडच्या राजेलोकांच्या दफनभूमीत उभा आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणले म्हणजे मन गोंधळून जाते.

गोंधळण्याचे कारण असे. त्या मुलाच्या पायांतील बेडी खरोखर तुटली होती. ती ज्यांनी तोडली त्यांची दयाही खरी होती. परंतु ती दया, ते आरमार, तो झेंडा आणि ते बायबल या चार वस्तू त्याच्यापुढे एकाच गाठोड्यात बांधून आल्या. गाठोडे सोडून त्यांतील कोणती वस्तू देवाची आणि कोणती सरकारची, हे निवडण्यास त्यास कोणी शिकविले नाही. १८७५ साली प्राइससाहेबांनी मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी नवे गाव वसविले आणि नाशिकचे कित्येक आफ्रिकन तेथे नेले. त्या गावास मुंबईचे एके काळचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव देऊन फ्रिअरटाउन म्हणू लागले. नाशिकास ‘शरण’ आणि मोंबासास गव्हर्नर! वीस वर्षांत नावाचा हा जो बदल झाला, त्यास योगायोग म्हणावयाचे असेल त्याने म्हणावे.

हे गाठोडे सोडविण्याचे काम पुढे ज्यांनी केले, त्यांत नाशिकशी जन्माचे नाते जडलेले एक जोडपे अग्रभागी आहे.

लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ गोदावरीकाठी जलालपूर येथे झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. त्यांच्या आजोबांस १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिले होते. त्या आघातानंतर त्यांच्या वडिलांचे सोवळे असे काही वाढले की, बाजारातून आणलेले मीठसुद्धा पाण्याने धुऊन घ्यावे. ‘स्मृतिचित्रे’ वाचणारास त्या धुतलेल्या मिठाचे हसू येते. पण विचार केला म्हणजे ते हसू लोपते. परक्यांच्या राज्याने ज्याच्या घरातले माणूस नेले, त्याच्या हाती उरले काय? आपला स्वयंपाक आणि आपली देवपूजा. तेवढा मुलूख तरी अभंग राहावा, म्हणून त्या गृहस्थाने मिठास पाणी दाखविले असेल. अशा घरातील ही मुलगी पुढे राज्यकर्त्यांचा म्हणून ओळखला जाणारा धर्म स्वीकारते, यात किती मोठे अंतर चालून जावयाचे होते, याची कल्पना करावी.

त्यांचे यजमान नारायण वामन टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मले. लहानपणीच आई गेली आणि हा मुलगा घर सोडून नाशिकास आला. गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला. नाशिकातच १८८० साली विवाह झाला. पुढे राजनांदगावच्या बाजूस आगगाडीने जात असता एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्या हातून. ही बारीकशी गोष्ट नजरेआड करण्याजोगी नाही. त्या काळी विद्वान ब्राह्मण ख्रिस्ती होणे ही मिशनरी जगात केवढी वार्ता. गोऱ्या हातांची काही वाण नव्हती. हात मात्र मराठी माणसाचा होता.

लक्ष्मीबाई पतीबरोबर गेल्या नाहीत. पाच वर्षे त्या दूर राहिल्या, नाशिक-पंढरपूरकडे नातलगांच्या आश्रयास राहिल्या आणि अपार दुःख भोगले. एकत्र राहू लागल्यावरही त्यांनी पतीच्या धर्मास मान तुकविली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा उलगडा त्यांनी स्वतःच्या मनाशी घातला, तो माणसानेच केला असा निश्चय झाल्यावर कोणाच्याही हातचे पाणी घेतले, आणि मग १९०० साली राहुरीस त्यांचा बाप्तिस्मा झाला. साहेबाची मेहेरबानी, नोकरी, शाळेची फी माफ, यांपैकी एकाही कारणाचा येथे शिरकाव नाही. फासावर गेलेल्या आजोबांची नात ख्रिस्ती झाली खरी; पण ती इंग्रज झाली नाही. नेसणे, बोलणे, पाटावरवंटा, म्हणी आणि विनोद यांतले काहीच तिने टाकले नाही. धर्म आणि राज्य ही दोन निराळी आहेत, हा सिद्धांत पंडितांनी ग्रंथांत मांडला असेल. नाशिककडच्या या बाईने तो स्वयंपाकघरात सिद्ध करून दाखविला.

टिळकांची रीत वेगळी होती. गाठोड्यातील परकेपणा प्रथम त्यांच्या कानास खुपला. देवळात म्हटली जाणारी गीते पुष्कळ अंशी इंग्रजीतून उतरविलेली आणि इंग्रजी चालींवर बसविलेली. मराठी शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ त्या चालींत असे ओढले जात की, अर्थ कोठे आणि सूर कोठे! नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी देशी चालींची आणि कीर्तनाची वाट आधी पाडली होती. टिळकांनी तिचा राजरस्ता केला. अभंग, ओवी, भजन, कीर्तन या वारकऱ्यांच्या साधनांनी ख्रिस्ताची भक्ती करावी, असे त्यांनी ठरविले आणि शेकडो पदे रचिली. ‘उपासनासंगीत’ या मराठी गीतसंग्रहात त्यांची पदे अडीचशेच्या वर आहेत. आपण ख्रिस्ताकडे पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते सांगत. या उद्गारात केवळ कविकल्पना नाही. ख्रिस्ताकडे जाण्याची वाट लंडनवरून किंवा बोस्टनवरूनच जाते, हे म्हणणे ते तेथे साफ नाकारीत आहेत.

कानानंतर हिशेबाची पाळी. १९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक होते. १८४२ साली निघालेले हे पत्र मिशनचे. आणि त्याच पत्रातून हिंदी ख्रिस्ती मंडळींनी आपल्या पायांवर उभे राहावे, परदेशी मिशनऱ्यांच्या मुठीतून सुटावे, स्वदेशाविषयी लाज नव्हे तर अभिमान बाळगावा, असे ते लिहीत. पगार परक्यांचा घ्यावा आणि स्वातंत्र्याच्या गोष्टी बोलाव्या, यातील विसंगती त्यांस बोचत होती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस जागा होती. दरबार हा शब्दही पाहण्यासारखा आहे. १९११ साली दिल्लीस बादशहाचा दरबार भरून फार वर्षे झाली नव्हती. त्या शब्दातून बादशहा काढून टिळकांनी तेथे देव बसविला.

या दरबारास दीर्घायुष्य लाभले नाही, हे येथेच सांगून टाकलेले बरे. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईस वारले आणि त्यांच्यामागे ती संस्था टिकली नाही. व्यवहारज्ञान हा त्यांचा गुण नव्हता, याची साक्ष ‘स्मृतिचित्रे’ पानोपानी देतात. नगरच्या मिशनऱ्यांतही त्यांचे चाहते पुष्कळ होते, आणि त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले तेही जे. सी. विन्स्लो या इंग्रज धर्मोपदेशकाने, १९२३ साली. त्या विन्स्लोसाहेबांनी १९२२ साली नगरास ख्रिस्त सेवा संघ काढून आश्रमाच्या धर्तीवर हिंदी पद्धतीने राहण्याचा प्रयोग आरंभिला होता. तेव्हा विरोध माणसांशी होता असे नव्हे. टिळकांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहास अग्नी दिला गेला आणि अस्थी नगरास नेल्या. थडग्यावरील आपल्या नावामागे ‘रेव्हरंड’ किंवा ‘मिस्टर’ लावू नये, अशीही त्यांची इच्छा होती.

त्याच १९१७ साली नाशिकास दुसरे टिळक आले होते. होमरूल लीगचा पहिला वाढदिवस मे महिन्यात येथे साजरा झाला आणि लोकमान्यांचे गाजलेले भाषण त्या प्रसंगी झाले. या लीगचे अध्यक्ष कोण होते, हे आज विचारले तर किती जण सांगतील? जोसेफ बॅप्टिस्टा, मुंबईच्या माझगावचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती, लोकमान्यांचे कायदेविषयक सल्लागार, कामगारांचे ‘काका’, आणि १९२५ साली मुंबईचे महापौर. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क आहे, या वचनाची मूळ शब्दयोजना त्यांचीच, असेही पुष्कळ सांगतात. राज्यकर्त्यांचाच धर्म असलेल्या माणसाने त्याच राज्यकर्त्यांकडे स्वराज्य मागावे, याचा परिणाम शंभर व्याख्यानांनी झाला नसता इतका झाला.

सरकार आणि चर्च यांची कायदेशीर गाठ सुटावयास आणखी काही काळ जावा लागला. इंग्लंडच्या चर्चची हिंदुस्थानातील शाखा पार्लमेंटच्या आणि राजाच्या अधिकाराखाली होती. १९२७ साली पार्लमेंटने कायदा केला आणि १ मार्च १९३० पासून ती शाखा स्वतंत्र झाली. बिशप निवडणे, नियम करणे हे तिचे तिच्याकडे आले. नाशिक हा स्वतंत्र धर्मप्रांत १९२९ साली निर्माण झाला होता. पहिले बिशप फिलिप लॉइड. ते इंग्रजच होते. कायदा एका दिवसात बदलतो, खुर्ची तितक्या लवकर बदलत नाही. तिजोरीतून पगार घेणारे सरकारी पाद्रीही स्वातंत्र्य येईपर्यंत राहिले.

१ मार्च १९३० या दिवसाकडे त्या वेळी नाशिकात फारसे कोणाचे लक्ष गेले नसावे. कारण दुसऱ्याच दिवशी, २ मार्चला, डॉक्टर आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवले येथे त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि निरनिराळ्या धर्मांचे लोक त्यांच्याकडे धावले. १९३६ साली त्यांनी आपला अभिप्राय प्रगट केला, त्यात ख्रिस्ती धर्माविषयी एक शंका स्पष्ट बोलून दाखविली होती: अस्पृश्य वर्ग त्या धर्मात गेला तर तो राष्ट्रापासून तुटेल आणि ब्रिटिशांची देशावरील पकड बळकट होईल. हिंदु समाजाचा इतका कठोर टीकाकार, पण शंका मात्र गावच्या पाणवठ्यावर होणारीच. मराठी ख्रिस्ती मंडळींस यातून शिकण्याजोगे पुष्कळ होते. टिळकांनी आणि बॅप्टिस्टांनी आपल्यापुरती गाठ सोडविली, तरी बाहेरून पाहणारास ती दिसतच होती.

त्या शंकेस पाया नव्हता असे म्हणता येत नाही. त्याचा पुरावा पाहावयास गोमंतकात जावे लागते. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेस फेब्रुवारीत मुंबईकडून गोमंतकीय कुटुंबे गाड्या भरभरून येतात. त्यांच्या आज्या-पणज्यांनी हा प्रकार प्रत्यक्ष भोगलेला आहे. पोर्तुगालात १९१० साली राजसत्ता गेली, प्रजासत्ताकाने १९११ साली चर्च आणि सरकार वेगळे केले, आणि गोव्यातील हिंदूंस शतकानुशतकांनंतर मोकळा श्वास घेता आला. पुढे सालाझारांचा अंमल आला. १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने गोमंतकीयांस पुन्हा खालच्या पायरीवर बसविले, आणि १९४० साली पोपशी झालेल्या करारांनी वसाहतींतील मिशनकार्य हे पोर्तुगीज राष्ट्रकार्याचे अंग बनले. गोव्याचा ख्रिस्ती तो पोर्तुगीजच, हे समीकरण शाळेतून, कचेरीतून, देवळातून घोकविले जाऊ लागले.

त्यास पहिले उत्तर कोणी दिले? ज्यांचा जन्म ख्रिस्ती घराण्यांत झाला होता त्यांनी. ४ जुलै १९३० रोजी पणजीच्या विधिमंडळात लुईश द मिनेझिश ब्रागांझा यांनी त्या कायद्याचा निषेध करणारा ठराव मांडला. त्रिश्तांव ब्रागांझा कुन्य यांनी १९२८ साली गोवा काँग्रेस समिती काढली होती. १९४४ साली त्यांनी गोमंतकीयांच्या ‘राष्ट्रीयत्वहरणा’वर पुस्तिका लिहिली. धर्माच्या नावाखाली माणसाची भाषा, पोशाख, स्वाभिमान हळूहळू कसा काढून घेतला जातो आणि शेवटी त्यास त्याचाच अभिमान कसा वाटू लागतो, हे त्यांनी आपल्याच समाजापुढे आरसा धरून दाखविले. आरसा धरणारा कोणास आवडतो? १९४६ साली लोहियांच्या मडगावच्या सभेनंतर जी चळवळ उठली, तीत कुन्य पकडले गेले आणि आठ वर्षांची शिक्षा देऊन त्यांस पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात डांबले. १९५८ साली मुंबईस ते वारले. १९ डिसेंबर १९६१ चा दिवस त्यांस दिसला नाही.

मुंबईच्या कॅथलिक आर्चबिशपपदाची कथा याहून सौम्य आहे, पण ती नाशिककरास अधिक जवळची वाटावी. पोर्तुगाल आणि पोप यांच्यातील १९२८ च्या करारान्वये त्या पदावर एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश, असा पाळीपाळीने अधिकारी बसावयाचा ठरला होता. कळप ईस्ट इंडियन, गोमंतकीय आणि मराठी. मेंढपाळाची पाळी मात्र लिस्बन आणि लंडन यांच्यात! १९३७ साली इंग्रज पाळी थॉमस रॉबर्ट्स या येशूसंघीयाकडे आली. हिंदी माणसाने या पदावर यावे, ही गोष्ट त्यांस उघड दिसत होती. पण आपण राजीनामा दिला तर करारान्वये पुढची पाळी पोर्तुगीजाची. तेव्हा त्यांनी अधिकार न सोडता जागा सोडली. व्हॅलेरियन ग्रेशस यांस १९४६ साली साहाय्यक बिशप करून घेतले, कारभार त्यांच्या हाती दिला आणि आपण मुंबईबाहेर पडले. चार वर्षे अशी गेली. १९५० च्या जुलैत नवा करार होऊन पोर्तुगालचा हक्क संपला, रॉबर्ट्स निवृत्त झाले आणि त्याच वर्षाअखेर ग्रेशस मुंबईचे पहिले हिंदी आर्चबिशप झाले. मोठ्या खुर्चीतून उठून दूर जाऊन बसण्याने एखादी व्यवस्था मोडता येते, याचे असे उदाहरण इतिहासात सहसा सापडत नाही.

राजकारणातही असाच एक त्याग या समाजाच्या खात्यावर आहे. गोलमेज परिषदेत के. टी. पॉल यांनी ख्रिस्ती लोकांसाठी वेगळे मतदारसंघ नकोत, असे सांगितले होते. सरकारने १९३२ च्या निवाड्यात ते दिलेच. पुढे घटना समितीत अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचा प्रश्न निघाला, तेव्हा हरेंद्रकुमार मुखर्जी या ख्रिस्ती उपाध्यक्षांनी त्या सोडून देण्याच्या बाजूने वजन टाकले, आणि १९४९ च्या मे महिन्यात तसे ठरले. जागा सोडल्या, धर्म पाळण्याचे व सांगण्याचे स्वातंत्र्य सर्व धर्मांबरोबर घेतले.

लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकात वारल्या. त्या काही धर्मपंडित नव्हत्या आणि चळवळीच्या पुढारीही नव्हत्या. शाळेचे शिक्षण नावाला नाही. कविता केल्या, कीर्तने केली आणि उतारवयात ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, ज्यांवाचून मराठी गद्याचा विचारच करता येत नाही. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचे येशूचे ओवीबद्ध चरित्र लिहावयास घेतले होते, ते थोडेसे होऊन राहिले होते. पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचिले, आणि ते १९३८ साली, त्यांच्या पश्चात, छापून निघाले. गालिल आणि यरुशलेम येथील ती सारी कथा ज्ञानोबांनी रुळविलेल्या ओवीत आहे. १९७० साली निरनिराळी चर्चे एक होऊन उत्तर भारताचे चर्च बनले, त्यात नाशिकचा धर्मप्रांतही गेला. बिशपांची इंग्रज नावे गेली, मिशनच्या जमिनीवर बाजार आला. शरणपूरच्या जुन्या देवळात मात्र रविवारी मराठीतच प्रार्थना होते, आणि टिळकांची भजने पेटी-तबल्यावर म्हटली जातात.